अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मैदानावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणजे अमेरिकेचेच. हे प्रश्न बहुतेक प्रश्नमंजूषा घेणाऱ्यांचे, काही शाळेच्या प्रकल्पात अडकलेल्या पालकांचे आणि दोन-तीन तर निव्वळ पैज लागल्यामुळे आलेले. उत्तरांत एक भेद सगळीकडे पाळला आहे. त्याच काळात कुणी लिहून ठेवलं ती ‘नोंद’, माणूस मोठा झाल्यावर लोक सांगू लागले ती ‘आठवण’, आणि जिला शेंडा ना बुडखा ती ‘आवई’. पैज नोंदीवरच लावावी.

१. यातलं ‘फुटबॉल’ म्हणजे नेमकं काय? आणि बेसबॉलचं काहीच कळत नसेल तर पुढचं समजेल का?

समजेल. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, त्याला तिथे सॉकर म्हणतात. तिथल्या फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणली की अंदाज येतो. एका बाजूला ११ जण. ‘सेंटर’ वाकून चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि डाव सुरू होतो.

बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाज, फक्त चेंडूला टप्पा नाही. पिचरच्या पट्टीपासून फलंदाजासमोरच्या होम प्लेटपर्यंत अंतर ६० फूट ६ इंच. ‘फर्स्ट बेस’ सांभाळणाऱ्याकडे इतर क्षेत्ररक्षक सतत चेंडू फेकत असतात, म्हणून तिथे पक्क्या हातांचा माणूस लागतो.

२. सगळ्यांत चांगला खेळाडू कोण होता?

जेराल्ड फोर्ड, आणि दुसरा क्रमांक बराच मागे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघात ते १९३२ ते १९३४ असे तीन हंगाम होते. पहिल्या दोन हंगामांत संघ एकही सामना हरला नाही आणि दोन्ही वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. प्रश्नमंजूषेत हमखास चूक होते ती इथेच: ‘फोर्ड यांनी मिशिगनला दोन विजेतेपदं मिळवून दिली.’ त्या दोन वर्षी सेंटरची जागा चार्ल्स बर्नार्ड यांची होती आणि फोर्ड राखीव होते. ते नियमित खेळले १९३४ मध्ये, आणि त्या वर्षी संघाने ८ पैकी ७ सामने गमावले. तरीही सहकाऱ्यांनी हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्यांनाच निवडलं. आमच्या मते दोन विजेतेपदांपेक्षा हे प्रमाणपत्र वजनदार आहे.

त्या काळी सेंटरचं काम आजच्यापेक्षा अवघड होतं. चेंडू घेणारा पाठीला चिकटून उभा नसे, तो चार-पाच यार्ड मागे असे. मान खाली, सगळं उलटं दिसतंय, अशा अवस्थेत धावत्या माणसाच्या पुढ्यात चेंडू नेमका टाकायचा. मान वर करेपर्यंत समोरचा अंगावर आलेला. फेक हातभर इकडेतिकडे गेली की अख्खा डाव फिसकटला.

१९३४ मधला एकमेव विजय जॉर्जिया टेकविरुद्ध, ९–२ असा. त्या सामन्यालाच गालबोट आहे. मिशिगनच्या संघात विलिस वॉर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि तो मैदानात उतरणार असेल तर आम्ही खेळणार नाही, असं जॉर्जिया टेकने कळवलं. मिशिगनने वॉर्डला बसवलं. परगावच्या दौऱ्यांत फोर्ड आणि वॉर्ड एका खोलीत राहत. फोर्ड यांनी संघ सोडायचा विचार केला होता, पण शेवटी ते खेळले.

पदवीनंतर ग्रीन बे पॅकर्स आणि डेट्रॉईट लायन्स या दोन व्यावसायिक संघांनी त्यांना बोलावलं. त्यांनी दोघांना नकार देऊन येल विद्यापीठात फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक आणि बॉक्सिंगचे प्रशिक्षक म्हणून नोकरी धरली, कारण त्यांना तिथेच कायदा शिकायचा होता. मिशिगनने त्यांचा ४८ हा क्रमांक १९९४ मध्ये निवृत्त केला.

३. मग फोर्ड धडपडे म्हणून का प्रसिद्ध आहेत?

१९७५ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला विमानाच्या ओल्या जिन्यावरून ते घसरले आणि ते चित्रण जगभर दिसलं. त्यांचे गोल्फचे चेंडू अधूनमधून प्रेक्षकांना लागत, आणि चेव्ही चेस या विनोदी नटाने दूरचित्रवाणीवर त्यांची नक्कल करताना दर आठवड्याला धडपडायचा सपाटा लावला. साठी ओलांडल्यावरही रोज पोहणारा आणि बर्फावर स्कीइंग करणारा माणूस लोकांच्या लक्षात राहिला तो जिन्यावरून पडणारा म्हणून.

४. लिंकन खरंच पैलवान होते का? ३०० कुस्त्यांत एकच हरले म्हणे.

पैलवान होते, ३०० चा आकडा मात्र आवई. कुणी कुस्त्या मोजून ठेवल्या होत्या असा कागद नाही.

बऱ्यापैकी भक्कम आहे ती १८३१ ची इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावातली कुस्ती. लिंकन तिथे दुकानात कामाला होते. उंची ६ फूट ४ इंच, हात लांब, कामाने घोटलेलं अंग. दुकानाचा मालक डेंटन ऑफट याला बढाया मारायची हौस, त्याने आपल्या नोकराच्या ताकदीची जाहिरात गावभर केली. शेजारच्या क्लॅरीज ग्रोव्ह वस्तीतल्या दांडग्या पोरांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग याने आव्हान दिलं. निकालाबद्दल आठवणींत एकवाक्यता नाही. कुणी म्हणतं लिंकननी चीत केलं, कुणी म्हणतं आर्मस्ट्राँगने नियमाबाहेरचा डाव टाकला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. सगळे एकमुखाने सांगतात ते पुढचं: त्या दिवसापासून ती टोळी लिंकनच्या बाजूची झाली.

हरलेली कुस्ती १८३२ ची. ब्लॅक हॉक युद्धाच्या वेळी लिंकन स्वयंसेवकांच्या तुकडीचे कप्तान होते, तेव्हा लोरेन्झो डाऊ थॉम्पसन याने त्यांना पाडलं.

१८५८ मध्ये जॅक आर्मस्ट्राँगच्या मुलावर खुनाचा खटला भरला गेला, तेव्हा लिंकननी त्याचं वकीलपत्र घेतलं. चंद्रप्रकाशात सगळं दिसलं, असं साक्षीदाराचं म्हणणं होतं. लिंकननी पंचांग काढून त्या वेळी चंद्र मावळतीला आला होता हे दाखवलं, आणि मुलगा सुटला.

ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरच्या राष्ट्रीय कुस्ती गौरव दालनाने १९९२ मध्ये लिंकन यांचा सन्मान केला. तो ‘थोर अमेरिकन’ या गटात आहे, विजेत्या मल्लांच्या यादीत नाही. प्रश्न काढताना हा फरक ध्यानात ठेवा.

५. जॉर्ज वॉशिंग्टन क्रिकेट खेळायचे हे खरं का?

क्रिकेटचं चुलत भावंड खेळले, आणि याची नोंद आहे. ४ मे १७७८ रोजी व्हॅली फोर्जच्या छावणीत जनरल नॉक्स यांच्याकडे जेवण आटोपल्यावर सेनापती आमच्याबरोबर ‘विकेट’ खेळले, असं जॉर्ज युइंग या कनिष्ठ अधिकाऱ्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. विकेटमध्ये यष्ट्या उंच नसत. जमिनीपासून काही इंचांवर, पण काही फूट रुंद. चेंडू मोठा, आणि तो सरपटत टाकायचा. वॉशिंग्टन त्या वेळी राष्ट्राध्यक्ष नव्हते, ते पद अजून जन्मालाच यायचं होतं. त्यामुळे ‘क्रिकेट खेळलेले पहिले राष्ट्राध्यक्ष’ असा प्रश्न काढला तर कुणीतरी हरकत घेईल, आणि त्याचं बरोबर असेल.

६. बाकी कुणाचा क्रिकेटशी संबंध आला?

सर्वांत मजेशीर योग आयझेनहॉवर यांचा. ८ डिसेंबर १९५९ रोजी कराचीत पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया कसोटीच्या चौथ्या दिवशी ते पाहुणे म्हणून हजर होते. त्या दिवशी पाकिस्तानने दिवसभरात ५ गडी गमावून १०४ धावा काढल्या. कसोटीच्या इतिहासातल्या अतिसंथ दिवसांत त्याची गणना होते. पाहुण्याला क्रिकेट दाखवायला याहून वाईट दिवस निवडता आला नसता.

ओबामा यांनी एप्रिल २००९ मध्ये त्रिनिदादला ब्रायन लाराकडून बॅट कशी धरायची ते शिकून घेतलं. धाकट्या बुश यांनी मार्च २००६ मध्ये इस्लामाबादेत इंझमाम-उल-हकच्या देखरेखीखाली टेनिस चेंडूवर बॅट फिरवून पाहिली. आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी अहमदाबादच्या मोटेरा मैदानात ट्रम्प यांनी भाषणात आपल्या सचिनचा ‘सूचिन’ केला, ते मराठी घरांत अजून ऐकवलं जातं.

७. आयझेनहॉवर यांनी जिम थॉर्पला पाडलं होतं का?

समोर आले होते हे नक्की. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा सामना कार्लाईल इंडियन शाळेशी होता (इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी). थॉर्प त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं जिंकून आला होता. आयझेनहॉवर आणि एका सहकाऱ्याने बेत केला की थॉर्पवर दोघांनी एकदम जायचं, एकाने वर, एकाने खाली. एकदा ते जमलं. पुढच्या वेळी थॉर्प ऐन क्षणी थांबला आणि हे दोघे एकमेकांवरच आदळले. कार्लाईलने सामना २७–६ असा जिंकला.

‘थॉर्पला अडवताना गुडघा गेला’ असं सर्रास लिहिलं जातं. गुडघा दुखावला तो पुढच्या आठवड्यात, टफ्ट्सविरुद्ध. मग घोडेस्वारीच्या कवायतीत उडी मारताना तो आणखी बिघडला आणि खेळ संपला. नंतर ते प्रोत्साहक पथकात गेले (प्रश्न १७). बेसबॉलची भानगड शेवटच्या प्रश्नात आहे.

८. सगळ्यांत जास्त गोल्फ कोण खेळलं?

वुड्रो विल्सन, असं मानलं जातं. त्यांच्या डावांचा अंदाज हजाराच्या वर जातो. प्रकृतीसाठी डॉक्टरांनी लावून दिलेला हा रतीब ते जवळजवळ रोज घालत. बर्फ पडला की रंगवलेले चेंडू घेऊन खेळत. खेळ मात्र सुमार, १०० फटक्यांच्या आत डाव क्वचित संपायचा.

आयझेनहॉवर आठ वर्षांत सुमारे ८०० डाव खेळले, आणि विल्सनपेक्षा कितीतरी बरे. १९५४ मध्ये त्यांच्या कार्यालयाबाहेरच्या हिरवळीवर पटिंगचा (चेंडू हलक्या फटक्याने भोकात घालण्याचा) सराव करायला गवताची खास पट्टी तयार झाली. लगेच अडचण आली ती खारींची. पुरलेली फळं काढायला त्या हिरवळ उकरू लागल्या, आणि मग खारी पिंजऱ्यात धरून दूर नेऊन सोडण्यावरून वर्तमानपत्रांत वादंग माजला. बुटाच्या खिळ्यांनी ओव्हल ऑफिसच्या लाकडी जमिनीला पडलेली भोकं पुढे कितीतरी वर्षं दिसत होती.

ऑगस्टा नॅशनल क्लबात १७ व्या होलच्या डाव्या बाजूला एक पाइन होता. आयझेनहॉवर यांचा चेंडू त्यात इतक्या वेळा अडकायचा की १९५६ च्या सभासदांच्या बैठकीत त्यांनी झाड तोडायची सूचना मांडली. अध्यक्षस्थानी असलेल्या क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी उत्तर न देता बैठकच गुंडाळली. झाडाला तेव्हापासून ‘आयझेनहॉवर ट्री’ म्हणू लागले. २०१४ च्या फेब्रुवारीत हिमवादळात ते मोडलं आणि काढून टाकावं लागलं.

९. केनेडी चांगलं गोल्फ खेळायचे, मग त्यांचे तसे फोटो इतके कमी का?

मुद्दाम. आयझेनहॉवर सारखे गोल्फ खेळतात म्हणून केनेडींच्याच पक्षाने त्यांना धारेवर धरलं होतं, त्यामुळे स्वतःच्या हातात गोल्फची काठी दिसणं परवडणारं नव्हतं. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात सायप्रेस पॉइंटला त्यांचा एक फटका थेट भोकाच्या दिशेने निघाला. सोबतचा मित्र ओरडून प्रोत्साहन देत होता आणि केनेडी घाबरले होते. एका फटक्यात चेंडू आत गेला असता तर बातमी देशभर झाली असती. चेंडू काठावरून हुकला. (ही मित्राची आठवण आहे, नोंद नव्हे.)

ही भीती जुनीच. थिओडोर रूझवेल्ट यांनी टाफ्टना १९०८ च्या निवडणुकीच्या वेळी बजावलं होतं: घोड्यावरचा फोटो चालेल, टेनिसचा नको, आणि गोल्फचा तर घातच करेल. गोल्फ श्रीमंतांचा खेळ समजला जाई. टाफ्टनी ऐकलं नाही, उघड खेळले आणि निवडूनही आले.

१०. बॉक्सिंग खेळताना एका राष्ट्राध्यक्षाचा डोळा गेला, तो कोणाचा?

थिओडोर रूझवेल्ट यांचा, डावा. हार्वर्डपासून त्यांना बॉक्सिंगचा नाद. व्हाइट हाऊसमध्येही ते तरुण लष्करी अधिकाऱ्यांना हातमोजे चढवायला लावत. तोफखान्यातल्या एकाचा ठोसा डोळ्यावर बसला, आतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि हळूहळू दृष्टी गेली. पदावर असेतो त्यांनी ही गोष्ट बाहेर येऊ दिली नाही, ठोसा मारणाऱ्याला आयुष्यभर टोचणी लागू नये म्हणून. पुढे आत्मचरित्रात लिहिलं, तेही नाव न घेता. ज्युदो त्यांनी १९०४ मध्ये यामाशिता योशिआकी या जपानी गुरूकडून शिकायला घेतला होता. मोठ्या अंगाच्या अमेरिकन मल्लांना छोट्या चणीचे यामाशिता कसे लोळवतात, ते ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

११. याच रूझवेल्टनी फुटबॉलवर बंदी घालायची धमकी दिली होती ना?

नाही. बंदी घालायचा अधिकार त्यांना नव्हता आणि इच्छाही नव्हती. १९०५ च्या हंगामात मैदानावर मेलेल्यांचा आकडा १८ च्या घरात गेला, बरेचसे शाळकरी. कारण सरळ होतं: चेंडू पुढे फेकायला मनाई, त्यामुळे सगळे एकमेकांत हात गुंफून, घोळक्याने मुसंडी मारत. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाऊसवर बोलावून खेळ स्वच्छ करा म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता. १९०६ मध्ये नियम बदलले: पुढे फेकायची मुभा आली आणि दोन संघांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवायचं ठरलं. त्या खटपटीतून निघालेली महाविद्यालयीन खेळांची संघटना १९१० पासून एनसीएए नावाने ओळखली जाते. श्रेय एकट्या रूझवेल्टना देऊ नये, त्यांनी रेटा दिला.

१२. हंगामाचा पहिला चेंडू राष्ट्राध्यक्षाने फेकायची प्रथा कधीची? आणि सातव्या डावात उभं राहायची प्रथाही टाफ्टचीच ना?

पहिली टाफ्टची, दुसरी नाही. १४ एप्रिल १९१० रोजी वॉशिंग्टन सेनेटर्स आणि फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स यांच्या सामन्यात टाफ्टनी प्रेक्षकांतल्या आपल्या जागेवरूनच चेंडू फेकला. सेनेटर्सचा पिचर वॉल्टर जॉन्सनने तो झेलला, आणि मग त्या सामन्यात समोरच्या संघाला एकच हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका) दिली. सेनेटर्स ३–० ने जिंकले.

सातव्या डावात टाफ्ट पाय मोकळे करायला उठले म्हणून सगळे उठले, ही आवई. प्रेक्षक सातव्या डावाच्या मध्यंतरी उठून पाय ताणतात, असं सिनसिनाटी संघाच्या हॅरी राइट यांनी १८६९ मध्येच पत्रात लिहिलेलं आहे. तेव्हा टाफ्ट शाळेत होते.

पुढे पहिला चेंडू पिचरच्या उंचवट्यावरून टाकायची रीत पडली आणि काम अवघड झालं. ३० ऑक्टोबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये धाकट्या बुशनी तो टाकला तेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना सात आठवडे झाले होते आणि अंगात गोळीरोधक जाकीट होतं. जाकिटामुळे खांदा पूर्ण वर जात नाही, हात अलीकडेच सुटतो आणि चेंडू टप्पा खातो, म्हणून त्यांनी आत सराव केला. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा खेळाडू डेरेक जीटर त्यांना म्हणाला होता, उंचवट्यावरूनच टाका, आणि टप्पा पडला तर लोक हुर्यो उडवतील. चेंडू थेट प्लेटवर गेला.

१३. थोरले बुश बेसबॉलमध्ये कितपत होते?

येलचे कप्तान, जागा फर्स्ट बेस. महाविद्यालयीन बेसबॉलची पहिली राष्ट्रीय अंतिम स्पर्धा १९४७ मध्ये कॅलामझूला झाली. येल तिथे पोचलं, १९४८ मध्येही पोचलं आणि दोन्ही वेळा हरलं, एकदा कॅलिफोर्नियाकडून, एकदा सदर्न कॅलिफोर्नियाकडून. बुश फेकायचे डाव्या हाताने, बॅट मात्र उजवी. हात पक्के, फलंदाजी बेताची. खेळायचा तो जुना चामडी हातमोजा ओव्हल ऑफिसच्या टेबलाच्या खणात असे. १९४८ मध्ये विख्यात बेसबॉलपटू बेब रूथने आपल्या आत्मचरित्राचं हस्तलिखित येलला दिलं ते कप्तान बुश यांच्या हाती. त्याचा फोटो आहे.

१४. हूवरबॉल म्हणजे काय? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर खेळता येईल का?

गच्चीवर नको, मैदानावर जरूर खेळा. हर्बर्ट हूवर यांचं वजन आटोक्यात राहावं म्हणून व्हाइट हाऊसचे डॉक्टर जोएल बून यांनी हा खेळ बसवला. रविवार सोडून रोज सकाळी ७ वाजता, पाऊस असो वा बर्फ, दक्षिणेकडच्या हिरवळीवर न्यायाधीश आणि मंत्री अर्धा तास घाम गाळत.

साहित्य: ६ पौंडांचा (सुमारे २.७ किलो) मेडिसिन बॉल, ८ फूट उंचीवर जाळं, ६६ फूट बाय ३० फूट मैदान. व्यायामशाळेत मिळणारा ३ किलोचा चेंडू चालेल. दर बाजूला दोन ते चार खेळाडू.

सर्व्हिस मागच्या रेषेवरून. चेंडू हवेतच झेलायचा आणि झेलला त्याच जागेवरून लगेच परत फेकायचा. घेऊन पळायचं नाही, सोबत्याला द्यायचा नाही. आपल्या पुढच्या अर्ध्यात झेलला असेल तर समोरच्यांच्या मागच्या अर्ध्यातच टाकायचा. सगळ्यांत जास्त वाद होतात ते या नियमावरून, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मधल्या रेषा चुन्याने ठळक आखा. झेल सुटला, चेंडू जाळ्यापलीकडे गेला नाही किंवा रेषेबाहेर पडला की समोरच्यांना गुण. रेषेवर पडला तर आत. जाळ्याला घासून गेला तरी चालू. गुण टेनिससारखे: १५, ३०, ४०, गेम.

नवे लोक चेंडू बास्केटबॉलसारखा छातीपासून ढकलतात आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. कंबर वळवून, दोन्ही हातांनी बाजूने झोकायचा. झेलताना हात ताठ ठेवू नका, बोटं मुरगळतात. चेंडू पोटाशी घ्या. हूवर यांच्या जन्मगावी, आयोवातल्या वेस्ट ब्रँचला, याच्या स्पर्धा होतात.

१५. रेगन यांनी ७७ जणांना बुडताना वाचवलं, हा आकडा पटत नाही.

७७ या आकड्याचा आधार त्यांनी लाकडाच्या ओंडक्यावर पाडलेल्या खाचा. म्हणजे मोजणारा आणि वाचवणारा एकच. पण गोष्ट पोकळ नाही. इलिनॉयमधल्या डिक्सनजवळ लोवेल पार्कला रॉक नदीवर ते सात उन्हाळे जीवरक्षक होते, नदीला ओढ होती आणि काही सुटकांच्या बातम्या त्या वेळच्या स्थानिक वर्तमानपत्रात आहेत. थोडक्यात, वाचवल्याची नोंद आहे, ७७ ही आठवण.

१६. रेगन नोत्र दाम विद्यापीठाकडून फुटबॉल खेळले होते का? त्यांना ‘गिपर’ म्हणतात.

नाही. ते युरेका या छोट्या कॉलेजात गार्ड म्हणून खेळले. जॉर्ज गिप हा नोत्र दामचा खेळाडू १९२० मध्ये वारला आणि १९४० च्या चित्रपटात रेगननी त्याची भूमिका केली. टोपणनाव तिथून चिकटलं.

१७. चिअरलीडर राहिलेले राष्ट्राध्यक्ष किती?

चार नावं पक्की: फ्रँकलिन रूझवेल्ट (हार्वर्ड), आयझेनहॉवर (वेस्ट पॉइंट), रेगन (युरेका) आणि धाकटे बुश (अँडोव्हरची फिलिप्स अकादमी, तिथे ते पथकप्रमुख). हसू नका. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात हे काम सुरू झालं तेव्हा ते पुरुषांचंच होतं.

१८. पोहण्यात कोण पटाईत होतं? आणि ते नदीकाठच्या कपड्यांचं खरं का?

जॉन क्विन्सी ॲडम्स पहाटे पोटोमॅक नदीत विवस्त्र पोहत, हे त्यांच्याच रोजनिशीत आहे. १८२५ मध्ये होडी बुडून ते जेमतेम वाचले. पण ॲन रॉयल या पत्रकार बाई त्यांच्या कपड्यांवर बसून राहिल्या आणि मुलाखत मिळेपर्यंत उठल्या नाहीत, ही आवई.

केनेडी हार्वर्डच्या जलतरण संघात उताणे पोहायचे. त्याचा खरा उपयोग ऑगस्ट १९४३ मध्ये झाला. सॉलोमन बेटांजवळ त्यांची पीटी-१०९ बोट फुटली तेव्हा भाजलेल्या सहकाऱ्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून ते सुमारे साडेतीन मैल, चार तास पोहले.

फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ मध्ये पोलिओने कमरेखाली लुळे झाले. जमिनीवर ज्यांना लोखंडी पट्ट्यांशिवाय उभं राहता येत नव्हतं, त्यांना पाण्यात मोकळं फिरता येई. १९३३ मध्ये लोकवर्गणीतून व्हाइट हाऊसला तलाव बांधला गेला. तो आज पत्रकार परिषदेच्या खोलीच्या खाली आहे.

१९. ओबामा बास्केटबॉलमध्ये किती तयार होते?

होनोलुलूच्या पुनाहू शाळेच्या १९७९ च्या राज्यविजेत्या संघात राखीव, डावखुरे. संघ नावाजलेला होता, म्हणून राखीव असणंही कमी नव्हे. बोलिंगमध्ये (जड चेंडू घरंगळवून उभ्या बाटल्या पाडायचा खेळ) मात्र हसं झालं: मार्च २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाला सात फेऱ्यांत ३७ गुण.

२०. पदावर असताना खेळताना कुणाला लागलं?

थिओडोर रूझवेल्ट, प्रश्न १० पाहा. ओबामांना २६ नोव्हेंबर २०१० रोजी बास्केटबॉल खेळताना कोपर लागून ओठाला १२ टाके पडले. कार्टर १५ सप्टेंबर १९७९ ला कॅम्प डेव्हिडजवळ १० किलोमीटरच्या शर्यतीत ३९ क्रमांक लावून धावले आणि चढावर कोसळले. नौदल अकादमीत असताना ते क्रॉस-कंट्री धावत. घात उन्हाने आणि सुरुवातीच्या वेगाने केला. त्या दिवशी ते बक्षीस समारंभाला हजर राहिले, पण वर्तमानपत्रांत फोटो छापून आला तो पाय लटपटलेल्या कार्टर यांचाच.

२१. निक्सन यांनी प्रशिक्षकाला डाव सुचवला होता?

हो. जानेवारी १९७२ च्या सुपर बोल या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी मायामी डॉल्फिन्सच्या डॉन शुला यांना फोन करून पॉल वॉरफिल्डकडे एक ठरावीक फेक सुचवली. शुलांनी ती वापरली, फसली. डॅलसने २४–३ ने धुव्वा उडवला. निक्सन स्वतः व्हिटियर कॉलेजच्या संघात बहुतेक बाकावरच असत.

२२. ‘पहिले राष्ट्राध्यक्ष’ छापाचे प्रश्न काढताना काय सांभाळायचं?

‘पदावर असताना’ हे शब्द घाला, निम्मे वाद मिटतात. पदावर असताना बेसबॉल सामन्याला गेलेले पहिले बेंजामिन हॅरिसन, ६ जून १८९२. वर्ल्ड सिरीजला, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेला, विल्सन, १९१५. सुपर बोलला ट्रम्प, ९ फेब्रुवारी २०२५. धाकट्या बुशची ह्यूस्टन मॅरेथॉन (३ तास ४४ मिनिटं ५२ सेकंद) १९९३ ची, तेव्हा ते राज्यपालही नव्हते. आणि ‘किती राष्ट्राध्यक्षांनी’ असं विचाराल तर क्रमांक ४७ पर्यंत गेला असला तरी माणसं ४५ आहेत हे विसरू नका. क्लीव्हलंड आणि ट्रम्प दोनदा मोजले जातात.

२३. आयझेनहॉवर खोट्या नावाने पैसे घेऊन बेसबॉल खेळले, असं वाचलं. खरं का?

१९४५ मध्ये युद्ध जिंकून परतल्यावर त्यांनी स्वतःच म्हटलं होतं की कॅन्ससमध्ये ‘विल्सन’ या नावाने आपण पैशासाठी खेळलो. अडचण अशी की हे वेस्ट पॉइंटला जाण्याआधीचं असेल तर १९१२ चा त्यांचा फुटबॉलचा हंगाम नियमबाह्य ठरतो, कारण पैसे घेतलेल्याला हौशी संघात जागा नसे. खेळाडूंना तिथे आपण कधी पैसे घेतले नाहीत असं लिहून द्यावं लागे. विचारणा वाढल्यावर त्यांनी बोलणंच बंद केलं. ऑगस्ट १९६१ च्या सुमाराची, त्यांच्या कचेरीतली एक टिपण आहे: व्यावसायिक बेसबॉलबद्दलच्या पत्रांना उत्तरं देऊ नयेत, प्रकरण फार गुंतागुंतीचं होईल.